गुरांमागे गेलेली शाळा

एनएसएसच्या कॅम्पला कर्जत-खालापूरच्या एखाद्या ठाकूरवाडीत गेला असाल, तर हा सीन ओळखीचा असेल. आपण ‘पर्यावरण वाचवा’चा रंगीत चार्ट लावतो आणि समोरची दुसरीतली पोरगी चार्टवर नसलेल्या चार-पाच रानभाज्या धडाधड सांगते. नक्की कोण कुणाला शिकवतंय?

ताराबाई मोडक या प्रश्नाला १९४५मध्येच भिडल्या होत्या. जन्म १८९२चा, मुंबईतला. १९१४मध्ये बी.ए. झाल्या, तेव्हा बाईने पदवी घेणं हीच बातमी. लग्न करून अमरावतीला गेल्या, संसार टिकला नाही. मग राजकोटला ट्रेनिंग कॉलेजचं प्राचार्यपद मिळालं, तेही सोडून १९२३मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात दाखल. १९३६मध्ये दादरला शिशुविहार. नाव झालं होतं, इथेच थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण मॉन्टेसरीची ती गुळगुळीत लाकडी साधनं महागडी. खेड्यातलं पोर त्यात कुठे बसणार?

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ. बालवाडी काढली, पण आदिवासी पाड्यावरची मुलं येईनात. अशा वेळी आईबापांना नावं ठेवून मोकळं होणं सोपं असतं. या दोघींनी शाळाच पाड्यावर नेली आणि कुणाच्या तरी अंगणात भरवली. आज आपण सहज ‘अंगणवाडी’ म्हणतो ना, त्याचं मूळ इथलं. साधनं म्हणाल तर खडे, बिया, शिंपले, पानं. सगळं फुकट, आणि मुलांच्या रोजच्या ओळखीचं.

१९५७मध्ये काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे वारली मुलं जरा मोठी झाली की गुरं राखायला जायची. घराला त्यांची गरज होती, उपदेश करून ती संपणार नव्हती. म्हणून कुरणशाळा निघाली. गुरं चरतायत, शिक्षक मुलांबरोबर कुरणात. झाड, पाखरू, किडा, ओढा, सगळं हाताशी. विज्ञान शिकवायला चित्र कशाला लागतंय? मला मात्र साधनांपेक्षा वेळापत्रक मोठं वाटतं. शाळेने पोराची वेळ पाळली.

१९६२मध्ये पद्मभूषण मिळालं, १९७३मध्ये ताराबाई गेल्या. कोसबाडचं काम अनुताईंनी पुढे चालवलं. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवरच्या मुलांसाठी ‘भोंगा शाळा’ भरल्या, त्याही याच वाटेने.

आपल्याकडचीही कितीतरी कातकरी कुटुंबं पावसाळा सरला की भट्ट्यांवर जातात आणि पोरंही बरोबर जातात. तुमचा कॅम्प डिसेंबर-जानेवारीत असेल, तर चार्ट रंगवण्याआधी एक फोन करा. त्या दिवसांत वाडीवर मुलं असतात का? नसतील तर कुठल्या भट्टीवर असतात, तेही विचारून घ्या.