बूस्ट गळतोय कुठे? सुपरचार्जरचा हिशोब मांडणारा स्टॅनले हूकर

मागच्या दिवाळीत माझा मामेभाऊ पुण्याहून वडूजला आला तो तोंड पाडूनच. हौसेने सेकंडहँड घेतलेली त्याची सुपरचार्जरवाली गाडी खंबाटकी घाटात साध्या हॅचबॅकच्या मागे राहिली होती. पुण्यातल्या एका गॅरेजने स्कॅनर लावून बूस्ट कमी येतोय असं सांगितलं, आणि अख्खा सुपरचार्जर बदलायचा लाखाच्या वरचा आकडा हातात दिला. मामीला त्याने गाडीची किंमतच मुळात अर्धी सांगितली होती. आता हा लाख कुठून काढायचा, या विचारात दादा दोन दिवस नीट जेवला नाही.

मला मात्र स्टॅनले हूकर आठवला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे नाव ऐकलं नसेल, पण विमानांच्या दुनियेत हा फार मोठा माणूस. आणि त्याच्या करिअरची सुरुवातच झाली ती कमी पडणाऱ्या सुपरचार्जरपासून.

आधी थोडं बेसिक. इंजिनला पेट्रोल कितीही पाजा, ते जाळायला हवा लागते. सुपरचार्जर म्हणजे इंजिनच्याच ताकदीवर, पट्ट्याने किंवा गिअरने फिरणारा पंप. तो हवा दाबून इंजिनमध्ये कोंबतो. टर्बो हेच काम एक्झॉस्टच्या धुरावर करतो, एवढाच फरक. विमानाला याची गरज जास्त, कारण 18 हजार फुटांवर हवेचा दाब जमिनीच्या जवळपास निम्मा होतो.

हूकरचा जन्म 1907 चा, इंग्लंडमधल्या शीअरनेस गावचा. शिकला गणित. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात आणि पुढे ऑक्सफर्डला त्याने वाहत्या द्रवांचं आणि हवेचं गणित केलं, 1935 मध्ये डॉक्टरेट मिळवली. हातात पाना धरलेला हा माणूस नव्हे! 1938 मध्ये तो डर्बीला रोल्स-रॉइसमध्ये लागला, तेव्हा तिथले साहेब अर्नेस्ट हाइव्ह्ज यांनी त्याला बघून हा काही फारसा इंजिनियर दिसत नाही असा शेरा मारला. आणि खरंच, सुरुवातीला त्याला ठरलेलं असं काही काम दिलेलं नव्हतं. बसून कंटाळला, इकडे तिकडे फिरला आणि सुपरचार्जरच्या टेस्टचे कागद वाचायला मागून घेतले.

हे कागद मर्लिन इंजिनचे होते. 27 लिटर, 12 सिलिंडर. स्पिटफायर आणि हरिकेन ही लढाऊ विमानं याच इंजिनवर उडायची, आणि युद्ध दारात उभं होतं. मर्लिनचा सुपरचार्जर चालू होता, त्यात बिघाड असा काहीच नव्हता. हूकरने फक्त गणित मांडलं. इंजिनकडून किती ताकद घेतली, त्यातली खरी हवा दाबण्यात किती गेली आणि नुसती गरम करण्यात किती गेली?

हा मुद्दा जरा थांबून समजून घ्या, कारण बूस्ट तपासताना बरेच जण इथेच फसतात. हवा दाबली की ती तापते. पंप जेवढा ढिसाळ, तेवढी जास्त तापते. तापलेली हवा फुगते, म्हणजे तेवढ्याच जागेत कमी मावते. त्यामुळे मीटरवर दाब बरोबर दिसेल आणि तरी इंजिनला हवा कमीच मिळेल. बूस्ट मीटर दाब मोजतं, हवा नाही.

हूकरच्या हिशोबात दिसलं की इम्पेलर, म्हणजे हवा फेकणारं पात्यांचं चाक, आणि त्याच्या भोवतीचा डिफ्यूझर दोन्ही सुधारता येतील. शिवाय हवा आत यायची वाटच अडचणीची होती. आपल्या नळाच्या फिटिंगमध्ये एल्बो असतो ना, तसं एकदम काटकोनी वळण सुपरचार्जरच्या तोंडाशीच होतं. पंपाला हवा पोचायच्या आधीच तिचा दाब मरत होता. ही वाट मोकळी केली, पाती बदलली, आणि इंजिनचा आकार तोच ठेवून ताकद वाढली. जुनं मर्लिन साधारण 16 हजार फुटांपर्यंत पूर्ण दम टिकवायचं, सुधारलेलं मर्लिन 45 सुमारे 19 हजारांपर्यंत गेलं. 1941 मध्ये ते स्पिटफायरमध्ये बसलं.

त्याच वर्षी जर्मनांचं फॉके-वुल्फ 190 आलं आणि स्पिटफायर पुन्हा मागे पडायला लागलं. तोवर हूकरच्या टीमकडे एकामागे एक दोन सुपरचार्जर आणि मध्ये हवा थंड करणारा इंटरकूलर अशी जोडणी तयार होती. मुळात ती उंचावरून उडणाऱ्या बॉम्बर विमानासाठी केलेली. ती स्पिटफायरमध्ये घातली. 30 हजार फुटांवर मर्लिन 45 पेक्षा सुमारे 300 हॉर्सपॉवर जास्त! हे विमान 1942 च्या उन्हाळ्यात लढाईत उतरलं. आजच्या गाड्यांमध्ये पुढच्या जाळीमागे दिसणारा इंटरकूलर हेच काम करतो.

आता दादाच्या गाडीकडे. आम्ही हूकरचीच रीत धरली. बदलायच्या आधी मोजायचं, आणि हवेच्या वाटेने पुढे पुढे जायचं. पहिला संशय सेन्सरवर. चावी ऑन, इंजिन बंद. अशा वेळी आत-बाहेर दाब एकच असतो. ओबीडी डाँगल लावून मॅप सेन्सरचा आकडा बघितला आणि फोनच्या बॅरोमीटरशी ताडला. बऱ्याच फोनमध्ये हा सेन्सर असतो, बॅरोमीटरचं एखादं ॲप टाकलं की झालं. हवामानाच्या ॲपमधला आकडा मात्र घेऊ नका, तो समुद्रसपाटीला धरून बदललेला असतो. फोन 935 हेक्टोपास्कल दाखवत असेल तर स्कॅनरवर 93-94 किलोपास्कल यायला पाहिजे. आलं. सेन्सर खरं बोलत होता.

मग एअर फिल्टर काढून बघितला, स्वच्छ. पट्टा बघितला, चकाकी नाही, चीर नाही, ताण ठीक. बायपास व्हॉल्व्ह उघडा अडकला तर दाबलेली हवा परत मागे फिरते, पण तोही नीट मिटत होता. उरली सुपरचार्जरपासून इंजिनपर्यंतची वाट. इंजिन थंड आणि बंद असताना त्या वाटेत कॉम्प्रेसरने थोडाच, पाचेक पीएसआय दाब भरला आणि पंक्चरवाला ट्यूबवर मारतो तसं साबणाचं पाणी जोडाजोडावर मारलं. इंटरकूलरच्या रबरी होजवर क्लॅम्पच्या खाली बुडबुड्यांचा फेस! बोटभर चीर, ती पण दाब आल्यावरच उघडणारी. होज आणि दोन क्लॅम्प, एवढ्यात काम भागलं. मामीला अजून पत्ता नाही.

हूकर मात्र सुपरचार्जरवर थांबला नाही. फ्रँक व्हिटलचं जेट इंजिन त्याने बघितलं, हाइव्ह्जना दाखवायला नेलं, आणि पुढे रोल्स-रॉइस जेटमध्ये उतरली. मग हाइव्ह्जशी बिनसलं आणि 1949 मध्ये तो ब्रिस्टल कंपनीत गेला. तिथे त्याच्या देखरेखीखाली तयार झालेली दोन इंजिनं आपल्याकडे आली. ऑर्फियस हे नॅट आणि एचएएलच्या मारुत या लढाऊ विमानांमध्ये होतं. पेगॅसस हे जागच्या जागी वर उठणाऱ्या सी हॅरियरमध्ये. आपल्या नौदलाची सी हॅरियर गोव्याच्या तळावरून 2016 पर्यंत उडत होती.

1971 मध्ये रोल्स-रॉइसचं दिवाळं निघालं. नवं आरबी211 इंजिन ठरलेली ताकद देत नव्हतं आणि खर्च हाताबाहेर गेला होता. तोवर निवृत्त झालेल्या हूकरला बोलावणं गेलं. तोही आपल्याबरोबर आणखी काही निवृत्त जुन्या जाणत्यांना घेऊन आला, आणि इंजिन मार्गी लागलं. 1974 मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली. 1984 मध्ये तो गेला. त्याच वर्षी त्याचं आत्मचरित्र आलं, नाव 'नॉट मच ऑफ ॲन इंजिनियर'. हाइव्ह्जचा तो शेरा त्याने 46 वर्षं जपून ठेवला होता.