शाळेनंतरची पहिली नोकरी

रविवारी दुपारी विविध भारतीवर क्रिकेटच्या गोष्टी सांगणारा तो शांत आवाज आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तो विजय मर्चंट यांचा.

त्यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९११ रोजी मुंबईत, गिरणीमालक ठाकरसी घराण्यात झाला. शाळेत नाव आणि वडिलांचा व्यवसाय विचारला गेला, उत्तराची गल्लत झाली आणि ठाकरसींचे ‘मर्चंट’ झाले ते कायमचे. १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर ते पहिली कसोटी खेळले. १९५१ मध्ये दिल्लीत १५४ धावा केल्या. त्याच सामन्यात खांदा दुखावला आणि कसोटी क्रिकेट संपले. कसोट्या अवघ्या दहा. पण प्रथम श्रेणीतली ७१.६४ ही सरासरी ब्रॅडमनच्या खालोखाल गणली जाते.

पुढची वर्षे त्यांनी अंध-अपंगांसाठी वेचली. शाळा पूर्ण केलेल्या अशा मुलामुलींना दया भरपूर मिळे, नोकरी मिळत नसे. मर्चंट यांनी आपल्या गिरणीत त्यांना कामे दिली, इतर मालकांकडेही त्यांच्यासाठी शब्द टाकला. अंधांसाठी काम करणाऱ्या वरळीच्या ‘नॅब’मध्येही ते पुढे होते. २७ ऑक्टोबर १९८७ रोजी त्यांचे निधन झाले.

परळ-लालबागच्या गिरण्यांचे भोंगे आता थांबले आहेत. पण आपल्यातले काही जण दुकान, कारखाना, कचेरी चालवतात. आपल्या शाळेतून असा एखादा विद्यार्थी बाहेर पडेल तेव्हा त्याला नुसती मदत नको, मुलाखतीचे बोलावणे हवे. एवढे लक्षात ठेवूया.