राईट बंधूंच्या आधी मुंबईच्या तळपदेंनी खरंच विमान उडवलं होतं का?

आळंदीला गेलेला माणूस माऊलींनी चालवलेली भिंत बघूनच परततो. वाघावर बसून आलेल्या चांगदेवांना भेटायला माऊली भावंडांसह भिंतीवर बसून निघाले, अशी ती कथा. आता आळंदीहून चाकणकडं निघालेल्या माणसाला ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर वाटतंच, आपली गाडी पण अशी उडाली पाहिजे राव!

उडण्याचं हे वेड ज्यानं मनावर घेतलं, तो मराठी माणूस म्हणजे शिवकर बापूजी तळपदे.

तळपदेंचा जन्म १८६४ चा, मुंबईतला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकताना त्यांना चिरंजीलाल वर्मा हे गुरू भेटले. त्यांच्यामुळं तळपदे स्वामी दयानंदांच्या वेदांवरच्या लिखाणाकडं वळले. जुन्या ग्रंथांत विमान आहे, तर ते बनवून बघू, असं त्यांनी ठरवलं. यंत्राचं नाव ठेवलं मरुत्सखा.

पुढची गोष्ट तुम्ही फॉरवर्डमध्ये वाचली असेल. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर मरुत्सखा पायलटशिवाय दीड हजार फूट उडालं आणि कोसळलं.

पण त्या उड्डाणाचा ना फोटो समोर आलाय, ना त्या काळातलं खात्रीचं कात्रण.

तळपदेंसोबत ज्यांचं नाव जोडलं जातं त्या सुब्बराय शास्त्रींनी सांगितलेला वैमानिक शास्त्र हा ग्रंथ बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या अभ्यासकांनी १९७४ साली तपासला. ग्रंथ प्राचीन नाही, विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, असा निष्कर्ष निघाला.

खरी गोम आहे वजनात. रस्त्यावर गाडीचं वजन रस्ता पेलतो. हवेत ते पेलायला सतत ताकद लागते. राईट बंधूंकडं जेमतेम १२ हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. १७ डिसेंबर १९०३ ला त्यांचं पहिलं उड्डाण फक्त १२ सेकंद टिकलं. पण त्याचा फोटो आहे.

आजच्या उडत्या गाड्यांचं घोडंही इथंच अडतं. बॅटरी वजनदार, आणि तिच्यातली बरीचशी ताकद गाडी हवेत धरून ठेवण्यातच जाते. त्यात रस्त्यात बंद पडलेली गाडी बाजूला घेता येते, आकाशात ती सोय नाही.

१९१६ साली तळपदे गेले. २०१५ मध्ये त्यांच्यावर हवाईजादा हा सिनेमा आला आणि दावा पुन्हा घरोघरी पोचला. पारतंत्र्यातल्या मुंबईत एका माणसानं विमानाचा ध्यास घेतला, हे खोट्या विक्रमाशिवायही मोठंच आहे. म्हणून पुढच्या वेळी तो मेसेज आला, तर तळपदेंचं नाव जरूर सांगा. दीड हजार फूट तेवढं गाळा.