शाहू छत्रपति आणि गंगाराम कांबळे

करवीरचे छत्रपति शाहू महाराज यांचें नांव ठाऊक नाहीं असा मनुष्य कोल्हापुराकडील खेड्यापाड्यांत विरळा. परंतु त्यांचा व त्यांच्या पागेंतील एका महार नोकराचा जो संबंध जडला, तो सर्वांस ठाऊक असेलच असें नाहीं. म्हणून आम्ही तो येथें सांगतों.

महाराजांचा जन्म १८७४ सालीं कागलच्या घाटगे घराण्यांत झाला. १८८४ सालीं आनंदीबाई राणीसाहेबांनीं त्यांस दत्तक घेतलें, व १८९४ च्या एप्रिलांत राज्याचा कारभार त्यांच्या हातीं आला. एवढा अधिकार असूनही अपमान चुकला नाहीं. १८९९ सालीं कार्तिकमासीं ते पंचगंगेवर स्नान करीत असतां, भटजी वेदोक्त मंत्र न म्हणतां पुराणोक्त म्हणतो असें आढळलें. कारण विचारतां, महाराज शूद्र आहेत म्हणून, असें उत्तर मिळालें. सिंहासनावरील पुरुषाची ही स्थिति, तर गांवकुसाबाहेरील माणसाची काय असेल?

२६ जुलै १९०२ रोजीं महाराजांनीं मागासलेल्या वर्गांसाठीं सरकारी जागांपैकीं निम्म्या राखून ठेविल्या. निरनिराळ्या जातीधर्मांच्या मुलांसाठीं वसतिगृहें निघालीं. त्यांत १९०८ सालीं अस्पृश्यांचें व १९१५ सालीं ख्रिस्ती मुलांचेंही होतें.

गंगाराम कांबळे हा महाराजांच्या पागेंत चाकरीस होता. मराठा नोकरांच्या पाण्याच्या हौदास शिवल्याच्या आरोपावरून इतर नोकरांनीं त्यास निर्दयपणें मारिलें. त्यानें महाराजांपुढें जाऊन आपली पाठ दाखविली. महाराजांनीं अपराध्यांस शिक्षा केली. पण तेवढ्यानें त्यांचें समाधान झालें नाहीं. त्यांनीं गंगारामास चाकरींतून मोकळें करून, स्वतंत्र धंदा करण्यास भांडवल दिलें.

गंगारामानें कोल्हापुरांत भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचें दुकान काढलें व त्यास ‘सत्यसुधारक’ असें नांव दिलें. दुकान स्वच्छ, चहा चांगला. तथापि महाराच्या हातचा चहा पिणार कोण? गिऱ्हाईक येईना. तेव्हां महाराज फिरावयास निघत, तेव्हां आपली गाडी त्या दुकानापुढें उभी करीत, चहा मागवीत, स्वतः पीत, व बरोबरच्या मानकऱ्यांसही देववीत. राजा पितो तें नाकारण्याचें धैर्य कोणास होईल? भर रस्त्यावर, सर्वांच्या देखत, एका कपानें जें झालें तें नुसत्या हुकुमानें झालें नसतें.

हा संबंध तेथेंच थांबला नाहीं. मुंबईस परळच्या चाळींत राहणाऱ्या तरुण डॉ. आंबेडकरांच्या बिऱ्हाडीं महाराज आपण होऊन गेले, व त्यांच्या ‘मूकनायक’ पत्रास त्यांनीं द्रव्यसाह्य केलें. १९२० च्या मार्चांत माणगांवीं अस्पृश्यांची परिषद भरली, तींत महाराजांनीं, तुम्हांस तुमचा पुढारी लाभला आहे, अशा आशयाचें भाषण केलें. पुढें त्याच पुढाऱ्याच्या अध्यक्षतेखालीं भारताच्या राज्यघटनेचा मसुदा झाला, व १९५० सालीं ती अमलांत येऊन अस्पृश्यता कायद्यानें बंद झाली.

६ मे १९२२ रोजीं महाराज मुंबईस वारले. तेव्हां त्यांचें वय ४७ वर्षांचें होतें. कोल्हापुरांत त्यांचें पहिलें स्मारक १९२५ सालीं उभें राहिलें. तें मोठ्या सरदारांनीं नव्हे, तर गंगारामानें पुढाकार घेऊन उभारिलें.

वाचकहो, पैसे देऊन महाराज स्वस्थ बसते, तरी लोकांनीं त्यांस दाते म्हटलेंच असतें. धान्य देणें, औषध वाटणें, शाळा काढणें हीं कामें चांगलीं खरीं. पण त्यांत देणारा वर व घेणारा खालीं तसाच राहूं शकतो. महाराजांनीं दिलें, आणि मग त्याच हातचें घेतलें. आपल्या मंडळ्यांतही निरनिराळ्या जातींतून आलेलीं कुटुंबें आहेत. उपासनेस एका सतरंजीवर बसणारे आपण, घरीं एकमेकांच्या हातचें पाणी घेतों काय, आणि सोयरीक जुळवितांना जुन्या जातीची चौकशी करितों काय? कायद्याचा हात घराच्या उंबऱ्यापर्यंतच पोहोंचतो. आंतील काम आपलें आहे.