पाइप फुटला तरी गाडी थांबते. ही युक्ती कोणाची?

दहिवडी-म्हसवडकडचा माणूस कोरेगाव किंवा साताऱ्याहून रेल्वेने मुंबईला निघाला, की वाटेत बोरघाट लागतो. तिथे ३७ फूट पुढे गेले की गाडी १ फूट खाली उतरते. अशा उतारावर सगळी भिस्त ब्रेकवर. आजच्या एअर ब्रेकचे जनक म्हणजे जॉर्ज वेस्टिंगहाउस.

त्यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८४६ रोजी न्यूयॉर्क राज्यात झाला. वडिलांच्या शेती अवजारांच्या कारखान्यात ते यंत्रे शिकले. त्या काळी तिकडे इंजिनाची शिट्टी वाजली, की ब्रेकमन टपावरून धावत एकेका डब्याचा ब्रेक हाताने आवळत. पाय घसरून अनेकांचे जीव जात.

१८६९ मध्ये, अवघ्या २२ व्या वर्षी, वेस्टिंगहाउस यांनी दाबाच्या हवेवरील ब्रेकचे पेटंट घेतले. पण पाइप फुटला की ब्रेक निकामी होई. म्हणून १८७२ च्या सुमारास त्यांनी रचनाच उलटी केली. प्रत्येक डब्याला हवेची टाकी आणि ट्रिपल व्हॉल्व्ह बसवला. पाइपमध्ये दाब असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहतात. दाब घटला, की टाकीतील हवा सिलिंडरमध्ये शिरते आणि ब्रेक लागतात. गाडीचे दोन तुकडे झाले, तरी दोन्ही थांबतात.

१८९३ मध्ये अमेरिकेने असे ब्रेक कायद्याने सक्तीचे केले. १२ मार्च १९१४ रोजी वेस्टिंगहाउस यांचे निधन झाले. भारतात दीर्घकाळ व्हॅक्यूम ब्रेक होते, नंतर एअर ब्रेक आले. आज साखळी ओढली की गाडी थांबते, तीही पाइपमधला दाब घटल्यामुळेच.