सिंदखेडराजाला जाताय? जिजाऊंच्या वडिलांची समाधीही बघा
१२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थळी, बुलढाण्यातल्या सिंदखेडराजाला, पाय ठेवायला जागा नसते. त्याच गावात त्यांचे वडील लखुजीराव जाधव यांची भव्य समाधी आहे. तिथवर नक्की चालत जा.

सिंदखेडची देशमुखी सांभाळणारे लखुजीराव निजामशाहीतले मातब्बर सरदार. मध्येच ते मुघलांकडे गेले, पुढे निजामशाहीशी पुन्हा जुळवून घेतलं. तेच महागात पडलं. जुलै १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात, भर दरबारात, त्यांना मुलं आणि नातवासह दगा देऊन मारण्यात आलं. लेक जिजाऊ तेव्हा गरोदर होत्या. सातच महिन्यांनी शिवनेरीवर शिवराय जन्मले. आजोबांना हा नातू दिसलाच नाही.

२०२४ मध्ये समाधीच्या संवर्धनाचं काम सुरू असताना तिथे शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली.