धनिणीच्या बागेतील दांपत्य

साताऱ्याची धनिणीची बाग म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील व सौ. लक्ष्मीबाई या जैन दांपत्याचे जिवंत स्मारक होय. १८८७ साली कुंभोज येथे जन्मलेल्या भाऊरावांना अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेल्यावरून कोल्हापूरचे जैन बोर्डिंग सोडावे लागले. ही नोंद समाजाने पुसू नये. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. पुढे या बागेतील वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसू लागली. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाई त्यांच्या माता झाल्या. कोठीतील धान्य संपले, तेव्हा दागिन्यांमागून त्यांनी सौभाग्यलेणे मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या निवर्तल्या. भाऊराव मात्र ९ मे १९५९ रोजी देह ठेवीपर्यंत मुलांसाठी झटत राहिले.